शेफरच्या उतारावरचा वाद

"ही वाट गाड्यांना बंदच करायला हवी," आई म्हणाली. तेव्हा आम्ही त्याच वाटेच्या तोंडाशी होतो आणि गाडी दादाच्या हातात होती.

अमेरिकेतल्या युटा राज्यात कॅनियनलँड्स नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. सगळा मुलूख वाळवंटी, वालुकाश्माचा, कोलोरॅडो आणि ग्रीन या दोन नद्यांनी कोरून काढलेला. दोन नद्यांच्या मधल्या उंच पठाराला 'आयलंड इन द स्काय' म्हणतात. या पठाराच्या कड्यावरून शेफर ट्रेल नावाचा कच्चा रस्ता वळणं घेत सुमारे १,५०० फूट खाली उतरतो. बऱ्याच ठिकाणी एकच गाडी जाईल एवढी रुंदी. एका अंगाला लाल कातळ, दुसऱ्या अंगाला दरी, आणि कठडा नाही. उतार संपला की व्हाइट रिम रोड लागतो. शंभर मैलांचा हा कच्चा रस्ता खालच्या पांढऱ्या खडकाच्या कडेकडेने पठाराला वळसा घालतो.

दादा माझा मावसभाऊ. सॉल्ट लेक सिटीत नोकरी करतो आणि सुट्टी मिळाली की जीप काढून वाळवंटात जातो. आई पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवायची. तिचा या भाच्यावर फार जीव आहे, पण वाद घालताना ती त्याला जराही सवलत देत नाही आणि तोही तिला देत नाही. त्या दिवशी गाडीत आणि नंतर जवळच्या मोआब गावच्या मुक्कामी दोघं जे बोलले ते मी इथे मांडते आहे. दोघांच्या मधे मलाही माझं मत आहे आणि ते जागच्या जागी सांगेन.

दादाने वरच गाडी थांबवली. टायरमधली हवा त्याने आधीच ३५ वरून २० च्या आसपास आणली होती. हवा कमी केली की टायर जरा पसरतो, जमिनीला जास्त धरतो आणि गाडी कमी आदळते. मग गाडी न्यूट्रलला घेऊन त्याने शेजारचा आखूड दांडा मागे ओढला. हा फोर-लो, चारही चाकांना जोर देणारी सगळ्यात संथ चाल. त्यावर पहिला गिअर टाकला आणि ब्रेकवरचा पाय काढला.

"पाय कशाला काढलास?" आई.

"इंजिनच धरून ठेवतं गाडीला. एवढ्या उतारावर सारखा ब्रेक दाबत गेलो तर ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक ऐन वेळी लागत नाहीत."

"म्हणजे एसटीचे जुने ड्रायव्हर म्हणायचे तेच. ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर."

"तेच, मावशी. फक्त गिअर आणखी खालचा."

गाडी माणसाच्या चालीने उतरू लागली. या रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी १५ मैल आहे. दादा त्याच्या निम्म्यानेही जात नव्हता. वळण आलं की तो आधी मान बाहेर काढून खालचा रस्ता न्याहाळायचा, मग बाहेरच्या अंगाने रुंद वळण घेऊन गाडीचं नाक भिंतीकडे आणायचा. एका वळणावरून खाली धुळीचा लोट दिसला. गाडी वर येत होती. चढणाऱ्याला आधी वाट, हा नियम आपल्या घाटात आहे तसाच इथेही आहे. दादाने रुंद जागा बघून गाडी भिंतीला लावली, त्या बाजूचा आरसा मिटला आणि इंजिन चालू ठेवून थांबला. वर येणाऱ्या बाईंनी हात केला, दोन गाड्यांच्या मधे हातभर जागा राहिली, आणि त्या गेल्या. आई त्या गाडीकडे वळून बघत होती.

"किती गाड्या येत असतील रे रोज?"

"शेफरवर मोजून सोडत नाहीत. पण खाली व्हाइट रिमवर दिवसाच्या फेरीला परवाना लागतो. दिवसाला ५० गाड्या आणि ५० सायकली. आपला परवाना या खणात आहे."

"पन्नास कमी नाहीत."

"शंभर मैलांवर पन्नास!"

"शंभर मैल तुम्ही लोकांनी आधीच घेतलेत. पन्नासचा आकडा त्यावर."

"तुम्ही लोक" म्हटल्यावर दादा दुखावला. त्याचं म्हणणं असं की या रस्त्याचं पाप हौशी जीपवाल्यांच्या माथी मारू नये. आणि इतिहास त्याच्या बाजूने आहे. मूळची वाट इथल्या आदिम रहिवाशांची. नदीकाठ आणि पांढरा खडक इथून पठारावर जायची ती पायवाट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेफर घराण्यातल्या गुराख्यांनी ती गुरं नेण्याजोगी केली. गुरं कधी वरच्या कुरणात, कधी खालच्या. मग आलं युरेनियम. १९५२ साली चार्ली स्टीन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाला मोआबच्या दक्षिणेला मोठा साठा सापडला आणि सगळा मुलूख खणायला माणसं धावली. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाने त्या दशकात इथे रस्ते करून घेतले. व्हाइट रिम रोड तेव्हाचाच. शेफरची पायवाट ट्रक जातील एवढी रुंद झाली तीही तेव्हाच.

"आणि या भागात युरेनियम किती मिळालं?" आईने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"फारसं नाहीच."

"बघ. ज्या कामासाठी डोंगर फोडला ते काम निघालंच नाही. रस्ता मात्र राहिला."

"राहिला म्हणून तर आज तू इथे आहेस, मावशी. तुझ्या गुडघ्यांनी दीड हजार फूट उतरून परत चढणं शक्य आहे? वाटेत प्यायच्या पाण्याचा थेंब मिळत नाही इथे."

"मी आले नसते तर या डोंगराचं काय बिघडलं असतं?"

हा प्रश्न ती मनापासून विचारत होती. निसर्गाकडे जायचा माणसाला हक्क आहे, हे वाक्य तिला कधीच आवडलेलं नाही. तिच्या मते जागेचा हक्क आधी, बघणाऱ्याचा नंतर, आणि म्हातारपणी काही गोष्टी लांबून बघाव्यात. वर कड्यावर डांबरी रस्त्याला लागून बघायच्या जागा आहेत, तिथून हीच वळणं आणि हीच दरी दिसते. तेवढं पुरे. दादाला हे मान्य नाही. त्याच्या मते लांबून बघितलेल्या जागेसाठी कुणी भांडत नाही. जिथे माणूस जाऊन आला, तिथेच त्याचा जीव अडकतो.

आणि मग त्याने त्याचा सगळ्यात मोठा मुद्दा काढला.

"जीप नसती तर हे उद्यानच झालं नसतं. १९६१ साली या राज्याच्या धरणांचा कारभार बघणारा फ्लॉइड डॉमिनी अंतर्गत व्यवहारमंत्र्यांना, स्ट्युअर्ट युडाल यांना विमानातून धरणाची जागा दाखवायला घेऊन आला. दोन नद्यांच्या संगमाच्या खाली धरण बांधायचं होतं. युडालना धरण दिसलं नाही, उद्यान दिसलं. मग बेट्स विल्सनने, म्हणजे शेजारच्या आर्चेस उद्यानाच्या अधीक्षकाने, मंत्र्यांना आणि बड्या लोकांना इथल्या कच्च्या रस्त्यांवरून फिरवलं. चुलीवरचं जेवण, उघड्यावर मुक्काम. १२ सप्टेंबर १९६४ ला कायदा झाला. तोच विल्सन इथला पहिला अधीक्षक."

"डॉमिनी राज्याचा नव्हता," मी मागून म्हटलं, "केंद्राच्या पाटबंधारे खात्याचा आयुक्त होता."

"बरं, केंद्राचा. पण मुद्दा तोच."

मुद्दा खराच आहे. हा रस्ता नसता तर खाली धरणाचं पाणी तुंबलं असतं असं म्हणणं ताणल्यासारखं होईल, पण उद्यानाच्या बाजूने बोलणारी माणसं ज्या वाटांवरून इथे आली त्या वाटा गुराख्यांनी आणि खाणवाल्यांनी काढलेल्या होत्या, हे नाकारता येत नाही. आईने ते नाकारलंही नाही. ती एवढंच म्हणाली की ज्या शिडीने वर चढलो ती कायम भिंतीला लावून ठेवायची गरज नसते.

उतार संपत आला तशी मातीची जात बदलली. वरचा उभा लाल कडा विंगेट वालुकाश्माचा. त्याच्या पायथ्याशी राखाडी, हिरवट, जांभळट उतरण लागते, ती चिनल थराची. युरेनियम याच थरात शोधत होते. ही माती फुगणाऱ्या चिकणमातीची आहे. ओली झाली की चाकाला पकडच राहत नाही. पाऊस किंवा बर्फ झाल्यावर दादा इथे गाडी घालत नाही आणि कुणी घालू म्हटलं तर त्याला अडवतो. इथून गाडी ओढून काढायला हजार डॉलरच्या वर खर्च येतो, पण त्याचं कारण ते नाही. ओल्या मातीत चाक फिरत राहिलं की चर पडतात, मग पुढचा माणूस चर चुकवायला बाजूने जातो आणि रस्ता रुंद होत जातो. "रस्ता असाच पसरतो," तो म्हणाला. आईने या वाक्यावर पहिल्यांदा मान हलवली.

खाली सपाटीला आम्ही उतरलो. आईने पिशवीतून भिंग काढलं आणि रस्त्याच्या अगदी कडेला वाकली. पाय रस्त्यावरच. दादाला तिने खुणेने बोलावलं.

रस्त्याच्या कडेपासून वीतभर अंतरावर माती काळी पडलेली होती. जवळून बघितलं तर तिला बारीक उंचवटे होते, बोटाच्या पेराएवढे, वर टोकदार, मधे खाचा. भिंगाखाली त्यावर काळे, पांढरे आणि एका जागी पिवळसर ठिपके दिसले. एका उंचवट्याच्या कडेला वाळूचे कण खाली लोंबत होते, पण पडत नव्हते. अगदी बारीक तंतूंनी ते धरून ठेवलेले होते.

"मातीचं हे कवच जिवंत आहे," आई म्हणाली. "तंतू आहेत ना, ते सायनोबॅक्टेरियाचे. पाऊस पडला की ते ओले होऊन मातीत सरकतात आणि मागे चिकट आवरण सोडतात. त्या आवरणाने वाळू बांधली जाते. हवेतला नायट्रोजन मातीत आणण्याचं बरंचसं काम इथे हेच करतात. हे ठिपके म्हणजे दगडफूल आणि त्याचे भाऊबंद. गोड्या मसाल्यात आपण टाकतो ते दगडफूल म्हणजे लायकेनच. फक्त हे मातीवर वाढलेलं."

"माहीत आहे मावशी. यावर पाय द्यायचा नाही, हे इथल्या पोरांनाही शिकवतात."

"का द्यायचा नाही ते माहीत आहे? कोरडं असताना हे ठिसूळ असतं. एकदा चिरडलं की तंतू तुटतात, वाळू सुटी होते, वारा ती उडवतो, आणि ती उडालेली वाळू शेजारच्या चांगल्या कवचावर पडून त्यालाही झाकते. तंतूंचा पातळ थर काही वर्षांत परत येतो. दगडफूल आणि शेवाळ यायला कित्येक दशकं लागतात, कोरड्या जागी त्याहूनही जास्त. जेन बेलनॅप नावाच्या बाईंनी मोआबमध्ये राहून यावर आयुष्यभर काम केलं आहे. दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते ४४ दरम्यान मोहावे वाळवंटात रणगाड्यांचा सराव झाला. त्यांच्या पट्ट्यांच्या खुणा अजून दिसतात."

दादा थोडा वेळ खाली बघत राहिला. मग त्याने जे म्हटलं ते मला त्या दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

"मग मावशी, तू चुकीच्या जागी भांडते आहेस. तुला भीती वाटली ती उतारावर. तिथे बघ काय होतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला दरी. चाक रस्त्याबाहेर काढायचं म्हटलं तरी काढता येत नाही. सगळा कातळ आणि मुरूम. तिथे मी हजार वेळा उतरलो तरी या कवचाच्या एका बोटालाही धक्का लागत नाही. धोका इथे आहे, सपाटीवर. इथे स्टिअरिंग जरासं फिरवलं की झालं. फोटो काढायला, दुसऱ्याला ओलांडायला, खड्डा चुकवायला, कशालाही."

दादाचं हे पूर्ण खरं आहे. अवघड उताराचा जो गवगवा होतो, व्हिडिओ निघतात, फुशारक्या मारल्या जातात, तो भाग जमिनीच्या दृष्टीने सगळ्यात निरुपद्रवी असतो. तिथे माणूस घाबरलेला असतो, म्हणून सावध असतो. उतार संपल्यावर हात सैल पडतात आणि मातीची नासाडी तिथे सुरू होते. वाळवंटात गाडी चालवायला शिकवणाऱ्यांनी उतरण्याच्या तंत्राइतकाच वेळ या सपाटीवर घालवला पाहिजे, असं मला तेव्हापासून वाटतं.

आईला ते पटलं, पण तिने त्याचा अर्थ वेगळा काढला. "म्हणजे तुझा उतार म्हणजे नुसतं दार. दारातून काही बिघडत नाही, आत गेल्यावर बिघडतं. मग दारच लावलेलं बरं."

"चालणारे काय आकाशातून जातात? बूटही कवच चिरडतो. आणि चालणाऱ्याला भिंत नसते, तो कुठेही जातो."

इथे दादाने एक अभ्यास सांगितला आणि आईला थांबावं लागलं. याच उद्यानात रानमेंढ्यांवर, म्हणजे वाळवंटी बिगहॉर्नवर झालेला अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. माणूस समोर आला तर मेंढ्या काय करतात याची नोंद त्यात घेतली होती. पायी चालणारे दिसले तेव्हा ६१ टक्के वेळा मेंढ्या पळाल्या. गाडी दिसली तेव्हा १७ टक्के, सायकल दिसली तेव्हा ६ टक्के. गाडी ठरलेल्या रस्त्याने येते आणि जाते. पायी माणूस कुठून उगवेल याचा नेम नसतो, आणि बऱ्याचदा तो थेट मेंढ्यांच्या अंगावर चालून येतो.

आईने आकडे परत सांगायला लावले. तिला धक्का बसला होता आणि ती तो लपवत नव्हती. जेवण होईपर्यंत ती गप्प होती. या मेंढ्यांचं महत्त्व तिला ठाऊक होतं. युटामध्ये इतरत्र त्या नाहीशा होत आल्या तेव्हा इथला कळप टिकून राहिला, आणि पुढे इथल्याच मेंढ्या नेऊन दुसरीकडे कळप वसवले गेले.

रात्री मोआबला परत आल्यावर तिने तोच अभ्यास माझ्या लॅपटॉपवर शोधला आणि वाचला. सकाळी चहाच्या वेळी ती म्हणाली, "तू अर्धंच सांगितलंस."

"काय राहिलं?"

"जिथे वर्दळ जास्त, तिथे मेंढ्या रस्त्यापासून सरासरी ३९ टक्के जास्त लांब राहतात. कमी वर्दळीच्या भागात ३५० मीटरच्या आसपास, जास्त वर्दळीच्या भागात ४९०. म्हणजे गाडी बघून पळत नाहीत, कारण आधीच सोडून गेलेल्या असतात. त्यांना राहण्याजोगी जी जमीन होती तिच्यापैकी १५ टक्के त्या वापरत नाहीत असा अभ्यासकांचा हिशेब आहे. पळणारी मेंढी तुला दिसली. जी आलीच नाही ती कशी दिसेल?"

दादाने कप खाली ठेवला. तो म्हणाला, "हे मी वाचलं होतं. सोयीचं नव्हतं म्हणून सांगितलं नाही."

त्याचा हा सरळपणा मला आवडतो. त्यानंतर वाद जास्त खरा झाला. दोघांनी आपली बाजू सोडली नाही, पण समोरच्याची मोजायला घेतली. म्हणजे आई विचारू लागली की नेमकी कुठली वाट बंद करावी, आणि दादा सांगू लागला की त्याला स्वतःला कुठल्या गाड्या नकोत.

त्याला साइड-बाय-साइड नकोत. हलक्या, उघड्या, लांब स्प्रिंगांच्या या गाड्या मोआबच्या बाजारपेठेत जागोजागी भाड्याने मिळतात. उद्यानात त्यांना बंदी आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये उद्यान सेवेच्या विभागीय कार्यालयाने युटातल्या उद्यानांना सांगितलं होतं की १ नोव्हेंबरपासून त्यांना आत येऊ द्या. विरोध झाला आणि ऑक्टोबर संपायच्या आत आदेश मागे घेतला गेला. दादाने तेव्हा विरोधाचं पत्र पाठवलं होतं. त्याचं कारण आवाज हे एक, पण वेग हे मुख्य. "या खडबडीत रस्त्यावर जीपला हळू जावंच लागतं. त्यांना लागत नाही. मग वळणावर वाळू उडते, कडेचं कवच जातं."

"साठ वर्षांपूर्वी तुझ्या जीपबद्दल कुणीतरी हेच म्हणालं असेल."

"म्हणालाच. एडवर्ड ॲबी."

ॲबी १९५६ आणि ५७ च्या हंगामात आर्चेसमध्ये रेंजर होता. त्याचं 'डेझर्ट सॉलिटेअर' १९६८ साली आलं. उद्यानांतून मोटारी हद्दपार करा, माणसांना चालू द्या, असं त्यात त्याने हट्टाने मांडलं आहे. आईला ते पुस्तक जवळचं. दादाने लगेच आठवण करून दिली की त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे ॲबी मित्राच्या लँड रोव्हरमधून फ्लिंट ट्रेलच्या उभ्या उतारावरून याच मुलखातल्या मेझ भागाकडे जातो.

"त्याने काय म्हटलं याच्याशी त्याने काय केलं याचा संबंध लावू नकोस," आई म्हणाली. "उद्यानातले रस्ते डांबरी करायचे बेत होते त्या काळात. नीडल्स भागातला डांबरी रस्ता बिग स्प्रिंग कॅनियनपाशी येऊन थांबतो ना? तो थेट संगमापर्यंत न्यायचा होता. ॲबीसारखी माणसं ओरडली म्हणूनही तो थांबला असेल."

"थांबला ते बरंच झालं. मलाही डांबर नको. रस्ता अवघड आहे हाच इथला पहारेकरी आहे."

सॉल्ट क्रीकवर मात्र दोघांचं जमलं नाही, आणि जमेल असं मला वाटतही नाही. दोन मोठ्या नद्या सोडल्या तर या उद्यानात बारमाही वाहणारं पाणी जवळजवळ एवढंच, नीडल्स भागातल्या या ओढ्यात. एंजल आर्च नावाच्या भव्य दगडी कमानीकडे जाणारा जीपचा रस्ता ओढ्याच्या पात्रातून जायचा, पुन्हा पुन्हा पाण्यातून. एका पर्यावरण संस्थेने दावा लावला, १९९८ मध्ये कोर्टाने वरच्या भागात गाड्यांना मनाई केली, २००४ मध्ये उद्यानाने नियमच केला. तिथल्या काउंटीने, म्हणजे जिल्हा प्रशासनाने, १८६६ सालच्या एका जुन्या खाण कायद्याचा आधार घेऊन हा सार्वजनिक रस्ता आहे असा दावा केला. २०१४ मध्ये अपील कोर्टाने तो फेटाळला, कारण लोकांनी दहा वर्षं सलग त्या वाटेचा वापर केल्याचं काउंटीला सिद्ध करता आलं नाही.

"एंजल आर्च मी बघितली नाही," दादा म्हणाला. "माझ्या आधीच्या माणसांनी बघितली. त्यांच्या घरात फोटो आहेत. मला सांगतात चालत जा, मुक्काम कर. माझ्या मित्राचा बाप, ज्याने तिथे पोरं वाढवली, त्याला काय सांगू?"

"सांग की तिथे बेडूक आहेत."

"मावशी, हे उत्तर झालं का?"

"झालं. वाळवंटात वाहतं पाणी एका ओढ्यात आणि त्यातच तुमचं चाक. बाकी शंभर मैल घ्या, हा ओढा सोडा. कासच्या पठारावर माणसं मोजून सोडायची वेळ आली, तेव्हा आपल्याकडेही लोक म्हणाले, आम्ही लहानपणापासून इथे गाड्या घेऊन येतोय. हे काय उत्तर झालं?"

इथे मी पूर्णपणे आईच्या बाजूची आहे. शेफरचा उतार कातळात आहे, तो गाड्यांना चालू राहावा. ओढ्याच्या पात्रात रस्ता नसावा. एका उद्यानात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, आणि गेल्या काही वर्षांत त्या नांदतही आहेत. मित्राच्या वडिलांचं दुःख खरं आहे, पण ते दुःख ओढ्याने भरून द्यावं असं मला वाटत नाही.

निघायच्या दिवशी सामान भरताना दोघांचं परत सुरू झालं. व्हाइट रिमच्या दुसऱ्या टोकाला मिनरल बॉटमची वळणं आहेत. २०१० च्या ऑगस्टमध्ये तिथे ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि वळणं वाहून गेली. पुढच्या वर्षी ती पुन्हा बांधली आणि रस्ता उघडला. आईचं म्हणणं होतं की तेव्हाच तो विषय संपवायला हवा होता. माणसाने रस्ता केला, पावसाने नेला.

"उद्या शेफर अशीच गेली तर?" दादाने विचारलं.

आईने उत्तर द्यायला वेळ घेतला. "बांधा. पण आहे तेवढीच. रुंद नको, कठडा नको, डांबर नको."

"मान्य. पण पन्नासचा आकडा मी कमी करू देणार नाही."

"वसंतात तरी करायला हवा. मेंढ्यांची पिल्लं होतात तेव्हा."

"मावशी, वसंतातच सगळ्यात जास्त माणसं येतात."

"म्हणूनच."